एक जूनचा ढीग

घोडेगावात कुणाला जन्मतारीख विचारली आणि त्यानं १ जून सांगितली, तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. माझ्या वडिलांची १ जून, दोन्ही चुलत्यांची १ जून, आत्याचीही १ जून. साल तेवढं वेगळं. आजीच्या हिशेबानं थोरला ऐन भातलावणीत झाला आणि धाकटा होळीच्या पुढेमागे. पण शाळेत नाव घालायला नेल्यावर गुरुजींना तारीख हवी होती. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची. गुरुजींनी पोराकडे एकदा पाहिलं, सहा वर्षं मागे मोजली आणि १ जून लिहून टाकलं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या किती माणसांचा वाढदिवस असा जनरल रजिस्टरात ठरला, याची मोजदाद कुणी करणार नाही.

मी पुण्याच्या कंपन्यांमध्ये बरीच वर्षं जावा भाषेत प्रोग्राम लिहिले. आता गावी राहून तेच करतो. घोडेगाव आंबेगाव तालुक्याचं ठिकाण, त्यामुळे तहसील इथे, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय इथे, आणि जून उजाडला की आहुप्याच्या खोऱ्यापासून खालपर्यंतची माणसं दाखल्यांसाठी इथेच. अशा गावात संगणकाचं काम करणारा माणूस आहे म्हटल्यावर कुठली पतसंस्था, कुठली दूध संस्था, कुठली शाळा आपली सभासदांची किंवा मुलांची यादी जुन्या संगणकातून नव्यात हलवायला बोलावतेच. अशी यादी हाती आली की मी आधी एकच गोष्ट मोजतो : कोणत्या तारखेला किती जन्म. १ जूनवर मोठा ढीग दिसला, तर तारखा नीट वाचल्या गेल्या असं धरायला हरकत नाही. दिसला नाही, तर तो कुठे जाऊन बसलाय ते पाहायचं. कारण ढिगाच्या नव्या जागेवरून प्रोग्राममधली चूक ओळखता येते.

सर्वांत जास्त वेळा तो ३१ मेवर सापडतो.

याचं कारण जावाच्या जन्मापासून आहे. १९९६ साली ही भाषा बाजारात आली तेव्हा तिच्यात तारखेसाठी ‘डेट’ नावाचा एक प्रकार होता. नाव तारखेचं, पण आत तारीख नाहीच. आत एक आकडा आहे : १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, लंडनमधल्या ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे, किती मिलिसेकंद लोटली. आपण ‘१ जून १९७२’ दिलं की जावा त्याला ‘१ जून १९७२, मध्यरात्री शून्य वाजता, भारतात’ असं समजून आकडा काढते. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे त्या क्षणी तिकडे ३१ मेच्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आकडा तोच आहे, पण तो वाचणारा सर्व्हर जागतिक वेळेवर लावलेला असेल (भाड्यानं घेतलेले बहुतेक सर्व्हर तसेच लावून येतात), तर तो प्रामाणिकपणे ३१ मे म्हणतो. यात कुणीच खोटं बोलत नाही, आणि तरी माणूस एक दिवस आधी जन्मतो.

एका पतसंस्थेत हे बराच काळ कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिथल्या यादीत निवृत्त शिक्षक पुष्कळ. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे १ जूनवाले सगळे ३१ मेला निवृत्त होतात. छापील यादीत नावापुढे ३१ मे दिसल्यावर एक गुरुजी म्हणाले, “बरोबर आहे की रे, त्याच दिवशी नारळ दिला आम्हाला.” जन्माच्या रकान्यात निवृत्तीची तारीख बसली होती आणि सगळ्यांना ती ओळखीची वाटत होती.

याहून वाईट प्रकार सरकणाऱ्या तारखेचा. कारकुनानं पत्ता बदलायला नोंद उघडली, पडद्यावर ३१ मे होतं, त्यानं फक्त पत्ता बदलून नोंद जतन केली. ते ३१ मे पुन्हा भारतीय मध्यरात्र म्हणून गेलं आणि ३० मे होऊन बसलं. ज्यांचे पत्ते नि फोन वारंवार बदलले, त्यांच्या जन्मतारखा मागे मागे जात राहिल्या. अशा यादीत ढीग एका जागी राहत नाही, मेच्या शेवटच्या आठवड्यात पसरलेला दिसतो. तसा पसारा दिसला की दुसरं कारण शोधायची गरज नाही.

इलाज २०१४च्या मार्चपासून उपलब्ध आहे. तेव्हा आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत तारीख-वेळेची सगळी मांडणी नव्यानं झाली. स्टीफन कोलबर्न नावाच्या प्रोग्रामरनं त्याआधी ‘जोडा-टाइम’ ही स्वतंत्र लायब्ररी लिहिली होती. तिच्या अनुभवावर ही नवी मांडणी उभी आहे आणि या मांडणीच्या कामातही तो पुढे होता. नव्या मांडणीत दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. ‘इन्स्टंट’ म्हणजे काळातला एक क्षण, जगभर सगळ्यांना एकच. ‘लोकलडेट’ म्हणजे कॅलेंडरावरची निव्वळ तारीख, तिला तास नाही, देश नाही. या दोन्हींची गरज आमच्या भागातच दाखवता येते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा. तिथे एखाद्या पल्सारचा ठोका पोचला तो क्षण नोंदवायचा, तर जगातल्या दुसऱ्या दुर्बिणीच्या नोंदीशी तो जुळला पाहिजे, म्हणून तिथे क्षणच हवा. आमच्या तहसिलात आजोबांची जन्मतारीख मात्र तास-मिनिटांशिवायची आहे. तिला उगाच मध्यरात्र चिकटवली की ती ग्रीनिचला जाऊन घसरते. जन्मतारीख लोकलडेटमध्ये ठेवली आणि डेटाबेसमध्येही रकाना निव्वळ तारखेचा केला की ३१ मेचा ढीग परत १ जूनवर येतो.

ढीग कधी ६ जानेवारीवर सापडतो. हे अमेरिकेचं देणं. तिथे महिना आधी लिहितात, दिवस नंतर. कुणीतरी अमेरिकी पद्धतीवर लावलेल्या संगणकात यादी उघडली किंवा प्रोग्रामात तारीख वाचण्याचा तसा साचा दिला, की ‘०१/०६/१९७२’ हे ६ जानेवारी होतं. एकट्यादुकट्या तारखेवर ही चूक पकडणं अशक्य. ५ जुलै आणि ७ मे दोन्ही शक्य असतात, पाहणारा काय सांगणार? पण आंबेगाव तालुक्यात इतकी माणसं ६ जानेवारीला जन्मली असं कोण मानेल? इथे गुरुजींची ती सोय आम्हाला उपयोगी पडते.

साच्यात बसत नाहीत त्या तारखांचं काय होतं, हे त्याहून मजेशीर आहे. ‘२५/०६/१९७२’ला महिना आधी असं वाचलं तर पंचविसावा महिना येतो. तो नसतोच, तेव्हा प्रोग्रामानं थांबून विचारायला हवं. पण जावाचं जुनं यंत्र, ‘सिम्पलडेटफॉरमॅट’, स्वभावानं फार सैल. ते १९७२च्या जानेवारीपासून पंचविसावा महिना मोजतं आणि ६ जानेवारी १९७४ काढून देतं. ना तक्रार, ना इशारा. रजिस्टरात ३१ जून अशी नोंद सापडते (सापडते, हातानं लिहिणारा माणूस महिन्याचे दिवस मोजत बसत नाही), तर हे यंत्र तिचं १ जुलै करतं. नवं ‘डेटटाइमफॉरमॅटर’ आपण साचा दिला तर डोकं चालवून ३० जून करतं. दोन्ही उत्तरं दिसायला शहाणी आहेत, आणि दोघांनाही कुणी अधिकार दिलेला नाही. सैलपणा बंद करायची सोय दोन्हीकडे आहे : जुन्यात ‘लीनियंट’ हा गुण काढून टाकायचा, नव्यात ‘स्ट्रिक्ट’ लावायचं. स्ट्रिक्ट लावताना एक खोच आहे. साच्यात सालासाठी नेहमीचं वाय हे अक्षर दिलं तर यंत्र विचारतं, इसवी सन की इसवी सनापूर्वी? ते सांगितलेलं नसतं, म्हणून चांगली तारीखही नाकारली जाते. वायच्या जागी यू लिहायचं. नवखी पोरं इथे अर्धा दिवस घालवतात.

दोन आकडी साल हा आणखी एक जुना आजार. रजिस्टरात ‘१-६-५८’ असतं. माणसाला कळतं. सिम्पलडेटफॉरमॅटला दोन अक्षरी सालाचा साचा दिला तर ते आजपासून ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे अशी खिडकी धरतं. त्यामुळे ५८चे १९५८ होतात, पण ज्यांनी ऐंशी ओलांडली ते अजून जन्मायचे आहेत असं निघतं. नवं यंत्र तर सरसकट २००० ते २०९९ धरतं, म्हणजे १९५८चे नाना २०५८चे. जुन्या यंत्राला चार अक्षरी साचा देऊन दोन आकडे चारले तर ते सन ५८ मानतं. नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे कोकणात उतरत असत, त्या काळात आमच्या पतसंस्थेचा सभासद. नव्या यंत्रात दोन आकडी सालाला पायाभूत वर्ष ठरवून देता येतं. सभासदांच्या यादीला १९३० दिलं की १९३० ते २०२९ अशी खिडकी मिळते आणि प्रश्न मिटतो.

आतापर्यंतच्या सगळ्या चुका मुक्या. प्रोग्राम थांबला नाही, चुकीचं उत्तर देऊन पुढे गेला. त्यामानानं जो प्रोग्राम लाल अक्षरांत बोंबलतो तो मला प्रिय आहे. पुष्कळ जण तो संदेश न वाचताच गूगलमध्ये चिकटवतात. वाचावा. त्यात लिहिलेलं असतं की अमुक मजकूर अमुक स्थानापासून वाचता आला नाही. स्थान शून्यापासून मोजतात. ‘15-AUG-2024’ असा मजकूर स्थान ३वर अडला, तर ० आणि १वर पंधराचे आकडे, २वर आडवी रेघ, आणि ३वर महिना. म्हणजे दिवस वाचला गेला, महिन्यापाशी गाडी थांबली. का? कारण नवं यंत्र लहान-मोठ्या अक्षरांत भेद करतं. त्याला पहिलंच अक्षर मोठं असलेला ऑगस्ट माहीत आहे, सगळी मोठी अक्षरं नाहीत. जुन्या यंत्राला याचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून ‘काल चालत होतं, आज नवीन केल्यावर बंद पडलं’ ही तक्रार येते. अक्षरभेद विसरायला सांगणारी एक ओळ आहे, ती घातली की झालं.

महिन्यापाशीच अडण्याचं दुसरं कारण भाषा. साच्याबरोबर भाषा सांगितली नाही तर जावा संगणकाची भाषा धरते. पुण्यातल्या संगणकावर इंग्रजी असते, सगळं चालतं. गावातल्या कार्यालयात कुणी हौसेनं संगणक मराठीत लावलेला असतो, तिथे यंत्र ‘ऑगस्ट’ शोधतं आणि पुढे इंग्रजी अक्षरं बघून हात टेकतं. मराठीची ही जाण जावाला तशी उशिरा आली. आठव्या आवृत्तीपर्यंत मराठी मागितली तरी महिने इंग्रजीत छापले जात. २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून जावा युनिकोड संघटनेचं भाषांविषयीचं भांडार मूळ धरून चालते. त्यात मराठी महिने आहेत, देवनागरी अंक आहेत. परिणाम असा की प्रोग्राममध्ये एक अक्षरही न बदलता, फक्त जावाची आवृत्ती बदलल्यावर, पावत्यांवर मराठी महिने उमटायला लागले. ग्राहक खूश. पण त्याच पावत्या परत वाचणारा दुसरा प्रोग्राम इंग्रजी महिन्यांची वाट बघत होता, तो कोलमडला.

देवनागरी अंकांचं तर विचारू नका. जावामध्ये नुसतं ‘१५’ हा मजकूर आकड्यात बदला म्हटलं, तर बदलतो. तेच अंक तारखेत लिहून डेटटाइमफॉरमॅटरला दिले तर पहिल्याच स्थानावर नकार. छापताना महिना मराठीत देईल, आकडे इंग्रजीत. देवनागरी अंक हवे असतील तर ते वेगळे सांगावे लागतात, वाचतानाही आणि छापतानाही. आमच्याकडे मराठी कळफलकावर टंकणारे कारकून भरपूर, त्यामुळे एका यादीत दोन्ही लिप्यांचे अंक मिसळलेले असतात. मी आधी सगळे अंक एका लिपीत आणून घेतो आणि मग तारखेला हात लावतो.

काही वेळा डोळ्यांना मजकूर निर्दोष दिसतो आणि तरी तो वाचला जात नाही. तेव्हा न दिसणारं अक्षर शोधायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या यादीत साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी मोकळी जागा असते. २०२३च्या मार्चमध्ये आलेल्या विसाव्या आवृत्तीत तर जावानंच इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधी अशी एक अरुंद, न तुटणारी जागा छापायला सुरुवात केली. जगभरातले प्रोग्राम त्यावर ठेचकाळले. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक छापून पाहिला की चोर लगेच सापडतो.

साच्यातल्या अक्षरांची खबरदारी वेगळीच. मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिट. चुकून लहान घातला की १ जूनचा महिना शून्य दिसतो. लहान डी म्हणजे महिन्यातला दिवस, मोठा डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस, त्यात लीप नसलेल्या वर्षी १ जून हा एकशेबावन्नावा. या दोन चुका निदान दिसतात. लपून बसतो तो मोठा वाय. लहान वाय म्हणजे साधं साल, मोठा वाय म्हणजे आठवड्यांवरून ठरणारं साल. भारतीय मांडणीत आठवडा रविवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात १ जानेवारी येते तो अख्खा आठवडा नव्या सालाचा. १ जानेवारी २०२५ बुधवारी होती, म्हणून मोठ्या वायनं २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ या तिन्ही दिवसांना साल २०२५ छापलं. वर्षअखेर धरून मुद्दाम त्या दिवशी केलेल्या ठेवीची पावती एक वर्ष पुढची. २०२२ साली ३१ डिसेंबरला शनिवार होता, तेव्हा हीच चूक अंगात असून एकही पावती बिघडली नाही. वर्षभर निरोगी आणि शेवटच्या दोन-चार दिवसांत, तेही सगळ्या वर्षी नाही, उठणारा हा आजार आहे. तसं पाहिलं तर आपल्याला एकाहून जास्त सालांची सवय आहे. आर्थिक वर्ष एप्रिलचं, महसुली वर्ष १ ऑगस्टचं, शाळेचं जूनचं, राजपत्रावर शके वेगळाच. (जावाच्या नव्या मांडणीत थाई, जपानी, तैवानी आणि हिजरी कॅलेंडरं आहेत. भारत सरकारनं १९५७च्या २२ मार्चला स्वीकारलेलं शक कॅलेंडर नाही. त्यासाठी आयसीयू नावाची वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. मला हे नेहमी खटकतं.)

दूध संस्थेसारख्या ठिकाणी सकाळी एकाच वेळी चार खिडक्या चालू असतात, तिथे आणखी एक बिघाड होतो. सिम्पलडेटफॉरमॅटचा एकच नमुना सगळ्या खिडक्यांनी वापरला, तर एकाची तारीख दुसऱ्याच्या पावतीवर जाते. एकाच पाटीवर दोघांनी एकदम गणित मांडावं तसं. कचेरीत एकट्यानं तपासताना काही सापडत नाही. नवा फॉरमॅटर एकदा बनला की बदलत नाही, त्यामुळे तो हवा तितक्या खिडक्यांनी खुशाल वापरावा.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गाठ. एका यादीत ढीग १ जूनवर शाबूत होता. तरी १९४३, १९४४ आणि १९४५ सालचे १ जूनवाले तेवढे ३१ मेवर. त्यांच्या आधीचे नि नंतरचे ठीक. व्यवस्थापकांना वाटलं, जुन्या माणसांच्या नोंदीच खराब. पण कारण महायुद्धाचं होतं. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली, मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५पर्यंत सोडली नाही, हे अनेकांना ठाऊक असतं. युद्धकाळात देशभर घड्याळं एक तास पुढे केली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. जावा ज्या कालविभागांच्या तक्त्यावर चालते त्यात ‘आशिया/कोलकाता’ या नावाखाली ते लिहिलेलं आहे : सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. एका प्रोग्रामनं या तक्त्याप्रमाणे १ जून १९४३ची मध्यरात्र मोजली, दुसऱ्यानं ठोकळेबाज साडेपाच तास धरून ती परत वाचली, आणि उत्तर आलं ३१ मे, रात्रीचे अकरा. बाकी सगळ्या सालांत दोन्ही हिशेब जुळतात, म्हणून फक्त युद्धात जन्मलेले मागे पडले. त्यांच्याच वयाला आज बँकेत ऐंशीच्या पुढचा व्याजदर लागतो, एसटीचा प्रवास फुकट असतो. इथेही औषध लोकलडेटच, दुसरं नाही.

दुरुस्ती बरोबर झाली का, हे शेवटी कशाशी ताडून पाहायचं? शाळेच्या रजिस्टराशी. तिथे जन्मतारीख दोनदा लिहायची पद्धत आहे, अंकी आणि अक्षरी : ०१/०६/१९७२, आणि खाली ‘एक जून एकोणीसशे बहात्तर’. अक्षरात लिहिलेला जून जानेवारी होत नाही, बहात्तरचा शतकाबद्दल घोळ होत नाही. त्या गुरुजींनी जन्मदिवस अंदाजानं ठरवला असेल, पण नोंद अशी केली की पन्नास वर्षांनी कुणालाही एकाच अर्थानं वाचता यावी. आम्ही संगणकात आणताना अक्षरी रकाना ‘पुनरुक्ती’ म्हणून गाळला. मी आता तो मागून घेतो. सोबत, टंकलेला मूळ मजकूर जसाच्या तसा एका वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि वाचलेली तारीख शेजारी. जी वाचता येत नाही तिची जागा रिकामी सोडतो, अंदाज भरत नाही, आणि तेवढ्यांची यादी संस्थेला देतो. त्यांनी दाखले मागवावेत.

मंचरच्या नि जुन्नरच्या कॉलेजांतली पोरं सुट्टीत शिकायला येतात. त्यांच्या प्रोग्रामला मी पुढच्या तारखा देतो : १ जून १९४३, ३१ जून १९७२, १-६-५८, ३१ डिसेंबर २०२४, देवनागरीतली १५ ऑगस्ट, आणि मोकळ्या जागेनं संपणारी एक साधी तारीख. ३१ जूनवर ज्याचा प्रोग्राम थांबून तक्रार करतो, त्याला चहा माझ्याकडून.